‘नव्हे’, ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ : सर्वेक्षणाच्या डेटाबेसमध्ये नकारार्थी अटींची निवड

कीड-रोग सर्वेक्षणाच्या नोंदी वहीतून संगणकात आल्याला महाराष्ट्रात दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. 2008 च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर 2009-10 मध्ये कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. शेतातील निरीक्षणे ठरावीक नमुन्यात भरावयाची, ती आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून पाहावयाची आणि पातळी ओलांडली असेल तेथे सल्ला द्यावयाचा, अशी ही कार्यपद्धती आहे. बेंगळुरूच्या हेब्बाळ भागातील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही संस्था कीटकांची ओळख, त्यांचे वितरण आणि मित्रकीटकांचा वापर यांसंबंधी काम करते. 2018 मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली, तेव्हा याच संस्थेने जुलै महिन्याच्या अखेरीस देशभर इशारा दिला. त्याच वर्षी ही अळी महाराष्ट्रातही पोहोचली.

अशा काळात डेटाबेसला दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न : कीड कोठे आढळली? हा सोपा आहे. दुसरा प्रश्न : कीड कोठे आढळलेली नाही? नियोजनाच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो, कारण कामगंध सापळे कोठे लावावेत, पथक कोठे पाठवावे आणि कोठल्या तालुक्याला अजून सवड आहे हे त्याच्या उत्तरावर ठरते. नेमका हाच प्रश्न डेटाबेसला विचारताना चूक होते. लिहिण्यात चूक असेल तर संगणक ती दाखवतो. परंतु नकारार्थी अट चुकीची निवडली तर तो कोणतीही तक्रार न करता एक नीटनेटकी यादी हातात देतो. ती यादी चुकीची आहे हे यादीकडे पाहून कळत नाही.

प्रस्तुत लेखात एसक्यूएल या भाषेतील नकारार्थी ऑपरेटरांची निवड कशी करावी याचा विचार केला आहे. उदाहरणांतील आज्ञा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या रोमन लिपीत टंकाव्यात. उदाहरणांतील गावे व नोंदी समजावून सांगण्यापुरत्या कल्पिलेल्या आहेत.

भाषेतले दोन नकार

मराठीत आपण ‘ही लष्करी अळी नव्हे’ असे म्हणतो आणि ‘येथे लष्करी अळी नाही’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात समोर एक अळी आहे आणि तिची ओळख नाकारली आहे. दुसऱ्या वाक्यात समोर काहीच नसले तरी चालते. तेथे अस्तित्व नाकारले आहे. बोलताना आपण या दोहोंत सहसा गोंधळ करत नाही. भारतीय तर्कशास्त्राने तर या भेदाला स्वतंत्र नावे दिली आहेत. ‘घट हा पट नव्हे’ हा अन्योन्याभाव आणि ‘भूतलावर घट नाही’ हा संसर्गाभाव. डेटाबेसची भाषा रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर न्यायवैशेषिक नव्हते हे उघड आहे, परंतु त्यांनाही या दोन नकारांसाठी दोन वेगवेगळी साधने करावी लागली. <> हे चिन्ह ‘नव्हे’चे आहे. नॉट एक्झिस्ट्स हा ‘नाही’चा ऑपरेटर आहे. बहुतांश चुका ‘नाही’ विचारावयाचे असताना ‘नव्हे’ लिहिल्यामुळे होतात.

उदाहरण घेऊ. ‘गावे’ या तक्त्यात चार गावे आहेत : क, ख, ग आणि घ. ‘सर्वेक्षण’ या तक्त्यात मक्याच्या शेतांतील चार नोंदी आहेत.

ओळ 1 : गाव क, कीड ‘लष्करी अळी’
ओळ 2 : गाव क, कीड ‘खोडकिडा’
ओळ 3 : गाव ख, कीड ‘मावा’
ओळ 4 : गाव ग, कीड हा रकाना रिकामा (नमुना ओळख पटवण्यासाठी पाठवला आहे)

गाव घ मध्ये अद्याप कोणी गेलेलेच नाही, म्हणून त्याची एकही ओळ नाही. आता लष्करी अळी नसलेली गावे हवी आहेत. पुष्कळ जण सहजपणे असे लिहितात :

सिलेक्ट गाव फ्रॉम सर्वेक्षण व्हेअर कीड <> 'लष्करी अळी';

उत्तर येते : क आणि ख. ज्या एकाच गावात अळी निश्चितपणे सापडली आहे, ते गाव क ‘अळी नसलेल्या’ यादीत सर्वांत वर बसते! कारण संगणकाने गावे तपासली नाहीत, ओळी तपासल्या. दुसऱ्या ओळीतील खोडकिडा ही लष्करी अळी नव्हे, हे खरेच आहे. म्हणून ती ओळ उत्तरात आली. आपला प्रश्न गावासंबंधी होता आणि अट मात्र ओळीसंबंधी लिहिली गेली. एका गावाला, एका शेताला किंवा एका जनावराला एकाहून अधिक ओळी असू शकतील तेथे <> या चिन्हावर विसंबून ‘नाही’चे उत्तर मिळवता येत नाही.

याच आज्ञेच्या उत्तरातून ग आणि घ ही गावे गळाली आहेत. घ का गळाले हे समजण्याजोगे आहे. त्याची ओळच नाही. ग का गळाले? त्याच्या ओळीत ‘लष्करी अळी’ असे लिहिलेले नाही, मग ‘लष्करी अळी नव्हे’ या अटीत ते बसावयास हवे होते, असे वाटते. येथे तिसरा शब्द पुढे येतो : ‘ठाऊक नाही’.

नल : रिकाम्या रकान्याचे तर्कशास्त्र

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. पुढे त्यावर उभ्या राहिलेल्या एसक्यूएल भाषेत, ज्या रकान्याचे मूल्य ठाऊक नाही त्यासाठी नल ही खूण आली. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरी अक्षरमालाही नव्हे. झाडावर शून्य अळ्या मोजल्या ही एक नोंद आहे. मोजणीच केली नाही ही दुसरी अवस्था आहे. नल दुसऱ्या अवस्थेसाठी आहे.

नलशी कोणतीही तुलना केली की उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ न येता ‘अज्ञात’ येते. गाव ग मधील कीड कोणती हे ठाऊक नाही. मग ती लष्करी अळी आहे काय? अज्ञात. लष्करी अळी नव्हे काय? तेही अज्ञात. नकार लावल्याने अज्ञानाचे ज्ञान होत नाही, हे यामागचे तत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. व्हेअर ही अट केवळ ‘खरे’ ठरलेल्या ओळी पुढे पाठवते. ‘खोटे’ आणि ‘अज्ञात’ या दोन्ही ओळी ती सारख्याच निर्विकारपणे वगळते. परिणामी ‘= लष्करी अळी’ आणि ‘<> लष्करी अळी’ या दोन याद्या एकत्र केल्या तरी मूळ तक्ता पूर्ण होत नाही. वर दिलेल्या चार ओळींपैकी एक पहिल्या यादीत, दोन दुसऱ्या यादीत आणि एक कोठेच नाही. अहवालातील दोन आकड्यांची बेरीज एकूण नोंदींशी जुळवून पाहण्याची जुनी हिशेबी सवय येथे फार उपयोगी पडते.

‘कीड = नल’ किंवा ‘कीड <> नल’ असे लिहून रिकाम्या ओळी मिळत नाहीत, कारण ती तुलनाही अज्ञातच ठरते. त्यासाठी ‘कीड इज नल’ आणि ‘कीड इज नॉट नल’ हेच लिहावे लागते. ओरॅकल वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या प्रणालीत कोरी अक्षरमाला हीच नल मानली जाते. त्यामुळे ‘शेरा <> कोरी अक्षरमाला’ या अटीतून तेथे एकही ओळ बाहेर येत नाही.

<> आणि != यांतील फरक पुष्कळदा विचारला जातो. अर्थात काहीच फरक नाही. <> हे प्रमाण चिन्ह आहे; != हे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल व एसक्यूलाइट या प्रणाली समानार्थी म्हणून स्वीकारतात. वेगातही फरक पडत नाही. एका प्रकल्पात एकच चिन्ह वापरावे, इतकेच.

‘ठाऊक नाही’ हेही एक वेगळे मूल्य समजून तुलना करावयाची असेल, म्हणजे गाव ग ची ओळ उत्तरात हवी असेल, तर पोस्टग्रेसमध्ये आणि 2022 पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘कीड इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'लष्करी अळी'’ असे लिहिता येते. मायएसक्यूएलमध्ये <=> हे नलसह समानता पाहणारे चिन्ह आहे; त्याला नॉट जोडावे. कोणत्याही प्रणालीत चालणारा साधा मार्ग म्हणजे ‘कीड <> 'लष्करी अळी' ऑर कीड इज नल’. तो लांब असला तरी वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा हेतू स्पष्ट दिसतो, म्हणून प्रस्तुत लेखकाला तोच अधिक पसंत आहे.

पपईवरील पिठ्या ढेकूण आणि शून्य ओळींची यादी

‘नाही’ विचारण्यासाठी एसक्यूएलमध्ये तीन मार्ग प्रचलित आहेत : नॉट इन, नॉट एक्झिस्ट्स आणि लेफ्ट जॉइनला जोडून इज नल. ते एकमेकांचे पर्याय आहेत असे पुष्कळदा शिकवले जाते. तसे ते नाहीत, हे एका खऱ्या कामाच्या चौकटीत पाहू.

पपईवरील पिठ्या ढेकूण, म्हणजे पॅराकॉकस मार्जिनेटस, ही मूळची मध्य अमेरिकेकडील कीड. भारतात ती 2008 मध्ये कोइम्बतूर येथे आढळली आणि पपईबरोबरच तुती, कसावा अशा पिकांवर पसरत गेली. पुढे कर्नाटक, केरळ व महाराष्ट्रातही तिचा प्रादुर्भाव झाला. रासायनिक फवारणीने ती आवरेना, कारण अंगावरच्या मेणचट आवरणामुळे औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. 2010 मध्ये बेंगळुरूच्या या ब्युरोने (तेव्हा त्याचे नाव थोडे वेगळे होते) पोर्तो रिको येथून तीन परोपजीवी कीटक आणले. त्यांपैकी ॲसेरोफेगस पपाये हा विशेष परिणामकारक ठरला. त्याची पैदास करून तो बागांत सोडण्यात आला आणि कीड आटोक्यात आली. जैविक नियंत्रणातील हे आपल्याकडचे एक ठळक यश आहे.

अशी मोहीम चालवताना रोज उठणारा प्रश्न असतो : कीड आढळली आहे, परंतु परोपजीवी अद्याप सोडलेला नाही, असे तालुके कोणते? समजा, ‘प्रादुर्भाव’ या तक्त्यात कीड आढळलेल्या तालुक्यांची नावे आहेत आणि ‘प्रसारण’ या तक्त्यात परोपजीवी सोडल्याच्या नोंदी आहेत. मनात वाक्य जसे येते तसेच लिहावयाचे तर :

सिलेक्ट तालुका फ्रॉम प्रादुर्भाव
व्हेअर तालुका नॉट इन (सिलेक्ट तालुका फ्रॉम प्रसारण);

हे वाचायला सरळ आहे आणि प्रसारण तक्त्यात तालुका हा रकाना एकाही ओळीत रिकामा नसेल तर उत्तरही बरोबर येते. परंतु परोपजीवींची कुपी एखाद्या बागायतदाराला संस्थेच्या दारातच दिली गेली, नोंद करणाऱ्याने तारीख लिहिली आणि तालुक्याचा रकाना रिकामा सोडला, असे एकदा जरी घडले, तरी ही आज्ञा शून्य ओळी परत करते. एकही तालुका उरलेला नाही असे उत्तर मिळते. मोहिमेच्या बैठकीत ‘उर्वरित तालुके : शून्य’ हा आकडा वाचला गेला की त्यावर कोणी शंका घेत नाही, उलट समाधान व्यक्त होते, आणि ज्या तालुक्यात परोपजीवी पोहोचलेलाच नाही तेथील बागायतदार पांढऱ्या मेणाने माखलेली झाडे तोडून टाकत असतो.

असे का होते? नॉट इन ही अट संगणक पुढीलप्रमाणे उलगडतो :

तालुका <> 'अ' अँड तालुका <> 'आ' अँड तालुका <> नल

शेवटची तुलना नेहमीच अज्ञात. ‘अँड’ने जोडलेल्या साखळीत एक घटक अज्ञात असेल तर पूर्ण साखळी कधीही ‘खरी’ ठरत नाही. ती खोटी ठरेल किंवा अज्ञात राहील. दोन्ही परिस्थितींत ओळ वगळली जाते. तर्काच्या दृष्टीने पाहिले तर संगणकाचे म्हणणे निर्दोष आहे : ती बिनतालुक्याची कुपी यांपैकी कोणत्याही तालुक्यात गेलेली असू शकते, तेव्हा एकाही तालुक्याबद्दल ‘येथे ती गेली नाही’ असे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु आपल्याला तर्काची निर्दोषता नको असते, पथक कोठे पाठवावे हे हवे असते. गंमत अशी की, नकार काढून नुसते इन लिहिले तर हा दोष दिसत नाही, कारण तेथे साखळी ‘ऑर’ने जोडलेली असते आणि एक घटक खरा ठरला की पुरते. म्हणून इनवर वर्षानुवर्षे नीट चाललेल्या क्वेरीला नॉट जोडले की ती अचानक रिकामी होते.

आता हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने :

सिलेक्ट प.तालुका फ्रॉम प्रादुर्भाव प
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट 1 फ्रॉम प्रसारण स व्हेअर स.तालुका = प.तालुका);

एक्झिस्ट्स हा ऑपरेटर मूल्यांची तुलना करत नाही; जुळणारी एखादी ओळ सापडते की नाही एवढेच तो पाहतो. त्यामुळे त्याचे उत्तर खरे किंवा खोटे असेच येते, अज्ञात कधीच येत नाही. बिनतालुक्याची ओळ कोणाशीच जुळत नाही आणि बाजूला राहते. ज्या तालुक्यात ती कुपी प्रत्यक्षात गेली असेल तो तालुका या यादीत कदाचित चुकून राहील. परंतु ही चूक पत्करण्याजोगी आहे. तिच्यापायी पथकाची एक फेरी वाया जाईल, एवढेच. कीडग्रस्त तालुका सुटणार नाही. नकारार्थी ऑपरेटर निवडताना कोणती चूक आपल्याला अधिक महाग पडेल, हा विचार अवश्य करावा. परवानाधारकांची छाननी करणाऱ्या कार्यालयाचे उत्तर याहून वेगळे असू शकेल.

तिसरा मार्ग लेफ्ट जॉइनचा :

सिलेक्ट प.तालुका फ्रॉम प्रादुर्भाव प
लेफ्ट जॉइन प्रसारण स ऑन स.तालुका = प.तालुका
व्हेअर स.नोंदक्रमांक इज नल;

नीट लिहिला तर याचेही उत्तर नॉट एक्झिस्ट्सप्रमाणेच येते. मात्र येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. इज नल ही कसोटी प्रसारण तक्त्यातील कधीही रिकाम्या नसणाऱ्या रकान्यावरच, म्हणजे शक्यतो प्रमुख किल्लीवर लावावी. ती ‘शेरा’ यासारख्या रकान्यावर लावली तर परोपजीवी सोडला आहे पण शेरा लिहिलेला नाही असे तालुकेही ‘उर्वरित’ म्हणून येतील. दुसरे असे की, ‘2010 मध्ये सोडलेले’ यासारखी उजव्या तक्त्यावरील अट ऑनच्या मागे लिहावी, व्हेअरच्या मागे नव्हे. व्हेअरमध्ये ‘स.नोंदक्रमांक इज नल अँड स.वर्ष = 2010’ असे लिहिले तर जी ओळच जुळलेली नाही तिचे वर्ष 2010 असावे अशी मागणी होते, आणि पुन्हा शून्य ओळी हाती येतात.

वेगाचा विचार करता नॉट एक्झिस्ट्स आणि लेफ्ट जॉइन यांत आजच्या प्रणाली बहुधा सारखीच युक्ती वापरतात. नॉट इनमध्ये नलची शक्यता सांभाळावी लागत असल्याने मोठ्या तक्त्यांवर ते मागे पडू शकते. परंतु वेग हे निवडीचे पहिले कारण नसावे. हाताने लिहिलेली लहान, निश्चित यादी असेल, उदाहरणार्थ ‘पीक नॉट इन ('कापूस', 'तूर')’, तर नॉट इन उत्तम आहे. यादी दुसऱ्या तक्त्यातून येणार असेल तर नॉट एक्झिस्ट्स लिहावे.

‘कापूस किंवा तूर नको’

वरच्या उदाहरणावरून एक छोटी बाब आठवते. बोलताना आपण ‘कापूस किंवा तूर नको’ असे म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते. हेच वाक्य शब्दशः ‘पीक <> 'कापूस' ऑर पीक <> 'तूर'’ असे उतरवले तर अट निरर्थक होते. कापसाच्या ओळीत पीक ‘तूर’ नसते, तुरीच्या ओळीत ‘कापूस’ नसते. म्हणून भरलेली प्रत्येक ओळ या अटीत बसते आणि गाळणीतून काहीच गळत नाही. दोन ‘नव्हे’ जोडताना ‘अँड’ हवे. नॉट कंसाबाहेर ठेवून ‘नॉट (पीक = 'कापूस' ऑर पीक = 'तूर')’ असेही लिहिता येते, पण कंस विसरू नये; तो नसेल तर नॉटचा अंमल केवळ पहिल्या तुलनेवर राहतो.

एकच प्रश्न, साधनागणिक वेगळे उत्तर

संशोधन केंद्रांत एकच माहिती अनेक साधनांतून फिरते. क्षेत्रीय कर्मचारी एक्सेलमध्ये भरतात, केंद्रात ती एसक्यूएलमध्ये जाते, सांख्यिकीतज्ज्ञ आर किंवा पायथन वापरतात. ‘लष्करी अळी नव्हे’ या अटीचे उत्तर या प्रत्येकात सारखे येत नाही. एक्सेलमध्ये रिकामा चौकोन ‘लष्करी अळी’शी जुळत नाही म्हणून काउंटइफ त्याला <> या अटीत मोजते. पायथनमधील पांडाज ग्रंथालयाच्या नेहमीच्या रकान्यातही रिकामे मूल्य != या तुलनेत ‘खरे’ ठरते व ओळ टिकते. आर भाषेत त्याच तुलनेचे उत्तर एनए येते. चौकटी कंसाने ओळी निवडल्या तर तेथे एनएने भरलेल्या ओळी उमटतात, आणि डीप्लायरच्या फिल्टरने निवडल्या तर एसक्यूएलप्रमाणे त्या गळतात. एकाच तक्त्यावरून दोन सहकाऱ्यांचे आकडे जुळत नसतील तर भांडण्याआधी रिकामे रकाने मोजावेत.

मोबाइल ॲपमधून येणाऱ्या नोंदी अनेक ठिकाणी मोंगोडीबीमध्ये साठवल्या जातात. तेथील $एनई हा ऑपरेटर, ज्या नोंदीत ते क्षेत्रच नाही तिलाही उत्तरात घेतो. शिवाय एका नोंदीत किडींची यादी असेल, तर $एनई ती संपूर्ण यादी पाहतो आणि लष्करी अळी जिच्यात कोठेच नाही अशीच नोंद परत देतो. म्हणजे एसक्यूएलमध्ये जे ‘नव्हे’चे चिन्ह, ते येथे ‘नाही’चे काम करते. आर्थिक नुकसानीच्या पातळीबाबतही हा भेद महत्त्वाचा आहे. एसक्यूएलमध्ये ‘अळ्या 5 पेक्षा जास्त नाहीत’ आणि ‘अळ्या 5 किंवा कमी आहेत’ या दोन्ही अटी एकच; दोन्ही न मोजलेली शेते वगळतात. मोंगोडीबीमध्ये $नॉट लावून $जीटी 5 लिहिले तर न मोजलेली शेतेही ‘पातळीखाली’ म्हणून येतात. $एलटीई 5 लिहिले तर येत नाहीत. न मोजलेले शेत सुरक्षित समजून सल्ला थांबवला गेला, तर त्याची किंमत शेतकरी मोजतो.

पाहून ‘नाही’ आणि न पाहता ‘नाही’

पुन्हा आपल्या चार गावांकडे येऊ. नॉट एक्झिस्ट्स वापरून ‘लष्करी अळीची नोंद नसलेली गावे’ विचारली तर उत्तर येते : ख, ग आणि घ. गाव क यादीतून गेले, ही सुधारणा झाली. पण ग मधील नमुन्याची ओळख पटायची आहे आणि घ मध्ये कोणी गेलेलेच नाही. या तिघांना एका ओळीत बसवून ‘अळी नाही’ म्हणणे योग्य आहे काय?

आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारांतर्गत एखाद्या क्षेत्रातील किडीची स्थिती ठरवण्यासाठी आठव्या क्रमांकाचे मानक आहे. ते 1998 मध्ये आले आणि 2021 मध्ये सुधारले गेले. केवळ नोंद नसणे आणि सर्वेक्षणाच्या आधारे अभाव सिद्ध होणे यांत करावयाचा फरक हा त्यातील एक गाभ्याचा मुद्दा आहे. निर्यातीच्या कागदपत्रांत या फरकाला मोठे वजन असते. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, तेव्हा त्यांनीही अशीच अट घातली होती : वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. मक्याच्या पोंग्यात दडलेली अळी बांधावरून दिसली नाही म्हणून शेत अळीमुक्त ठरत नाही, हे त्याचेच शेतातले रूप.

म्हणून खऱ्या अर्थाने ‘पाहून नाही’ अशी गावे हवी असतील तर एक नकार पुरत नाही. एक होकार आणि दोन नकार लागतात :

सिलेक्ट ग.गाव फ्रॉम गावे ग
व्हेअर एक्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम सर्वेक्षण स व्हेअर स.गाव = ग.गाव)
अँड नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम सर्वेक्षण स व्हेअर स.गाव = ग.गाव अँड स.कीड = 'लष्करी अळी')
अँड नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम सर्वेक्षण स व्हेअर स.गाव = ग.गाव अँड स.कीड इज नल);

उत्तर येते केवळ ख. तेही सर्वेक्षकाने दिसलेली प्रत्येक कीड लिहिली असेल तरच. आणि ज्या शेतात एकही कीड आढळली नाही त्याची नोंद कशी करावयाची? पुष्कळ नमुन्यांत अशा शेताची ओळच भरली जात नाही. मग ते शेत आणि न पाहिलेले शेत डेटाबेसमध्ये अगदी सारखे दिसू लागतात आणि कोणताही ऑपरेटर त्यांना वेगळे करू शकत नाही. ‘पाहिले, काही आढळले नाही’ हीसुद्धा एक ओळ आहे आणि ती तारखेसह भरली गेली पाहिजे.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी कीड या रकान्यातच ‘आढळली नाही’, ‘ओळख प्रलंबित’ असे शब्द किंवा -99 सारखे अंक भरतात. यामुळे रकाना रिकामा राहत नाही हे खरे, परंतु नवी अडचण उभी राहते. ‘ओळख प्रलंबित’ ही अक्षरेही ‘लष्करी अळी’हून वेगळीच आहेत, म्हणून <> या अटीत ती ओळ आता निमूटपणे आत येते, आधी ती निमूटपणे बाहेर जात होती. -99 अळ्या तर पातळीखालच्या शेतांत मोजल्या जातात आणि सरासरीही खाली ओढतात. त्यापेक्षा ‘पाहणीची स्थिती’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा, त्यात ‘झाली’, ‘ओळख प्रलंबित’, ‘झाली नाही’ अशी मोजकीच मूल्ये असावीत, त्याला नॉट नल ही अट लावावी आणि किडीचा रकाना खरोखर ठाऊक नसेल तेव्हा नलच राहू द्यावा. नॉट नल वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण तक्त्यावरील चेक ही अट व्हेअरच्या उलट वागते : व्हेअर अज्ञाताला बाहेर ठेवते, चेक मात्र फक्त ‘खोट्या’ला अडवते आणि अज्ञाताला आत येऊ देते. ‘चेक (स्थिती इन ('झाली', 'ओळख प्रलंबित', 'झाली नाही'))’ एवढेच लिहिले तर रिकामी स्थिती तिच्या डोळ्यांदेखत तक्त्यात शिरते.